अद्भुत कादंबरीमाला व वाचकचर्चा

एकच कल्पित विश्व, एकच नायक किंवा एकच पात्रसमूह घेऊन अनेक भागांत लिहिलेली अद्भुतरम्य कादंबरी आणि तिच्याविषयी तिच्या निष्ठावंत वाचकांत वर्षानुवर्षे चालणारी चर्चा, या दोहोंचा एकत्र विचार या नोंदीत केला आहे. अद्भुत कादंबरीचा स्वतंत्र विचार मराठीत पूर्वीपासून होत आला आहे. तथापि मालेतील कादंबरी ही सुट्या कादंबरीहून वेगळी असते आणि तिच्या वाचकांची चर्चा हा तिच्या अस्तित्वाचाच एक भाग असतो, ही गोष्ट समीक्षेने फारशी लक्षात घेतलेली नाही. ही चर्चा बहुधा तोंडी असते. तिची नोंद राहत नाही. आणि म्हणून ती विचारात घेण्याजोगी नाही, असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात तिला स्वतःच्या कसोट्या आहेत. त्यांपैकी एक कसोटी तर अद्भुत वाङ्‌मयाच्या मूल्यमापनात मध्यवर्ती ठरावी अशी आहे.

स्वरूप : सुटी अद्भुत कादंबरी शेवटच्या पानावर संपते. मालेतील कादंबरी मात्र पुढील भागाचे आश्वासन देऊन थांबते. यामुळे तीन गोष्टी घडतात. पहिली, दोन भागांमधील काळ वाचकाच्या कल्पनेने भरला जातो. पुढे काय होईल, कोण जिवंत राहील, अमुक रहस्याचा उलगडा कसा होईल, यांविषयी तर्क सुरू होतात. दुसरी, लेखकाने पहिल्या भागात सांगितलेला तपशील पाचव्या भागात त्याच्यावर बंधनकारक होतो आणि त्या तपशिलाचा राखणदार वाचक होतो. तिसरी, भागाभागांत तुलना अपरिहार्य होते. ‘सर्वांत चांगला भाग कोणता’ हा प्रश्न सुट्या कादंबरीबाबत उद्‌भवूच शकत नाही. तर्क, स्मरण आणि तुलना या तीन व्यापारांतून वाचकचर्चा उभी राहते.

महाराष्ट्रात या चर्चेला आणखी एक व्यावहारिक कारण होते. विसाव्या शतकात अशा कादंबऱ्या विकत घेऊन वाचणाऱ्यांपेक्षा वर्गणीच्या किंवा भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून आणून वाचणारेच अधिक होते. अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी भरून एका वेळी एकच पुस्तक मिळे आणि मालेचे भाग क्रमाने मिळतीलच असे नसे. तिसरा भाग कोणीतरी नेलेला असे, म्हणून चौथा आधी वाचावा लागे; पुस्तक फार हाताळलेले असल्यास अखेरची पाने गळालेली असत. गळालेल्या पानांत काय होते, हे ज्याने धड प्रत वाचली असेल त्याच्याकडून ऐकूनच समजे. अशा रीतीने तोंडी चर्चा ही हौस नव्हे, तर वाचनाची गरजच होती.

पूर्वपीठिका : दीर्घ अद्भुतकथा समूहाने ऐकण्याची आणि तिच्यावर बोलण्याची परंपरा भारतात जुनी आहे. पुराणश्रवणात शंका विचारण्यास वाव असे. वक्त्याने शंकेचे समाधान करणे हा निरूपणाचाच भाग मानला जाई. फार्सी व उर्दू दास्तानांची सभाही अशीच श्रोत्यांच्या प्रतिसादावर वाढे. अमीर हम्झाच्या दास्तानाचे उर्दू रूप लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८३ नंतरच्या काही दशकांत ४६ खंडांत छापले. त्यातील ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ हा भाग मुहम्मद हुसेन जाह आणि अहमद हुसेन कमर या दोन दास्तानगोंनी सिद्ध केला. हिंदीत देवकीनंदन खत्री (१८६१–१९१३) यांनी ‘चंद्रकांता’ आणि तिच्या पुढील २४ भागांची ‘चंद्रकांता संतति’ लिहिली. या कादंबऱ्या वाचता याव्यात म्हणून अनेकांनी देवनागरी व हिंदी शिकून घेतली, असे हिंदी वाङ्‌मयेतिहासकारांनी नमूद केले आहे. त्यांची पुढची कादंबरी ‘भूतनाथ’ त्यांच्या मृत्यूमुळे अपुरी राहिली. ती त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी पूर्ण केली. माला ही लेखकाची एकट्याची मालमत्ता राहत नाही, वाचकांच्या अपेक्षेने ती लेखकाच्या मृत्यूनंतरही पुढे ओढली जाते, याचे हे ठळक उदाहरण होय. खत्रींच्या कादंबऱ्यांतील चमत्कार संभवनीय आहेत की नाहीत, हा वाद त्या काळच्या हिंदी नियतकालिकांत झाला. खत्रींचे तिलिस्म जादूने चालत नाही. कळा, यंत्रे, औषधी आणि वेषांतर यांनी चालते. ‘होशरुबा’तील जादू आणि ‘चंद्रकांते’तील कळसूत्र हा फरक वाचकांना नीट कळत होता, हे या वादावरून दिसून येते.

मराठी कादंबरीचा आरंभकाळही अद्भुताचाच आहे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ही वास्तवाकडे झुकलेली कादंबरी अपवादरूप ठरली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ (१८६१) व ‘रत्नप्रभा’ (१८६६) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी पुढील दोन दशकांची वाट आखून दिली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेले ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हे भाषांतर याच सुमाराचे. आपल्या समाजाच्या विवाहादी व्यवहारांत कादंबरीस पुरेल अशी चटकदार सामग्री मिळत नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, अशा आशयाचे समर्थन रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत केले आहे. या विधानात एक कबुली दडलेली आहे : अद्भुताला स्वतःच्या बळावर उभे राहण्याचा हक्क नाही, त्याला काहीतरी निमित्त दाखवावे लागते.

समीक्षेची भूमिका : काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांच्या ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ (१८७२) या लेखनाने संभाव्यतेचा निकष पुढे आणला आणि समकालीन अद्भुत कादंबऱ्यांतील असंभाव्यता दोषास्पद ठरविली. हरि नारायण आपटे यांच्या ‘मधली स्थिती’पासून (१८८५) सामाजिक वास्तवाची कादंबरी प्रतिष्ठित झाली. ‘मधली स्थिती’ला रेनल्ड्झच्या इंग्रजी कादंबरीचा आधार होता, तरी ती परकी वाटली नाही, कारण हरिभाऊंनी उसन्या चौकटीत पुण्याचे जीवन भरले. ही गोष्ट पुढे धारपांच्या संदर्भात पुन्हा आठवावी लागते. वि. का. राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या निबंधात (१९०२) अद्भुत व वास्तविक हा भेद विवेचनाचा पाया म्हणून स्वीकारला. यानंतर मराठी समीक्षेत अद्भुताची गणना प्रामुख्याने कादंबरीच्या बाल्यावस्थेत होऊ लागली.

तथापि विसाव्या शतकात अद्भुत नाहीसे झाले नाही. त्याला दोन परवाने मिळाले. एक पुराणाचा आणि दुसरा विज्ञानाचा. चमत्कार महाभारतात घडलेला असेल किंवा तो भौतिकीच्या नियमांतून सिद्ध होत असेल, तर समीक्षेने त्याचे स्वागत केले. लेखकाने स्वतःच्या बुद्धीने रचलेले, कोणत्याही परवान्याविना उभे राहिलेले आणि मालेच्या रूपाने वाढत गेलेले अद्भुत मात्र ‘रंजनपर’ या एका शब्दात निकालात काढले गेले.

कोल्हापूर व राजारामपुरी : या तिन्ही प्रवाहांचे एकत्र दर्शन घडण्यास कोल्हापूर हे शहर सोयीचे आहे. येथील करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्ये नेटिव्ह लायब्ररी म्हणून स्थापन झाले. म्हणजे येथील ग्रंथालयपरंपरा मराठी कादंबरीहूनही जुनी आहे. जुन्या शहराबाहेर वसलेल्या आणि क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांच्या राजारामपुरीत वि. स. खांडेकर (१८९८–१९७६) यांचे वास्तव्य होते. शिरोडे सोडून ते १९३८ मध्ये कोल्हापुरास आले. त्यांची ‘ययाति’ (१९५९) ही मराठीतील ज्ञानपीठ पुरस्कार मिळविणारी पहिली साहित्यकृती (१९७४). शिवाजी सावंत (१९४०–२००२) हे कोल्हापुरातील राजाराम प्रशालेत शिक्षक असताना त्यांची ‘मृत्युंजय’ (१९६७) प्रसिद्ध झाली. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांचा जन्म कोल्हापूरचा. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ मधील स्पर्धेसाठी त्यांनी ‘ना. वि. जगताप’ या टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेने आणि पुढे ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहाने विज्ञानकथेस प्रतिष्ठा दिली.

पित्याने पुत्राचे तारुण्य घेणे, मनुष्याने जन्मतःच कवचकुंडले धारण करणे, या घटना अद्भुतच आहेत. खांडेकर आणि सावंत यांच्या यशाचे विवेचन करताना समीक्षेने मात्र कामप्रेरणा, आधुनिक मनुष्याची अतृप्ती, उपेक्षिताचे दुःख, अनेक निवेदकांचे तंत्र यांवर भर दिला. हे विवेचन योग्यच होते. परंतु त्यात अद्भुताचा कारभार कसा चालतो, हा प्रश्न बाजूला राहिला. सामान्य वाचकाने तो बाजूला ठेवला नाही. जो वाचक सकाळी ‘ययाति’ परत करून संध्याकाळी भुताखेतांच्या मालेचा पुढचा भाग घरी नेत असे, त्याच्या दृष्टीने दोन्ही पुस्तके एकाच फळीवरची होती. मोठ्या वाचनालयापासून राजारामपुरीसारख्या वस्तीच्या कट्ट्यापर्यंत जी वाचकमंडळी पुस्तकांविषयी बोलत आली, तिने परवान्याची विचारणा केली नाही. तिने दुसरेच काही विचारले आणि ते काय, हे पुढे पाहावयाचे आहे.

मराठीतील माला : मराठीत मालेचे तंत्र प्रथम ऐतिहासिक व रहस्यप्रधान कादंबरीत रुजले. नाथमाधव (१८८२–१९२८) यांची ‘वीरधवल’ (१९१३) ही अद्भुतरम्य कादंबरी अनेक पिढ्यांनी वाचली. त्यांच्याच स्वराज्यविषयक कादंबऱ्यांनी एका विषयावर अनेक खंड वाचण्याची सवय लावली. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी झुंजार, काळापहाड, धनंजय असे नायक घेऊन एक हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्या अद्भुत नव्हेत. परंतु नायकाचे नाव मुखपृष्ठावर पाहून पुस्तक उचलणारा, नायकाच्या सवयी तोंडपाठ असणारा आणि दोन नायकांत श्रेष्ठ कोण यावर तासन्‌तास वाद घालणारा वाचक अर्नाळकरांनी घडविला. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ या मासिकाने गूढ, अद्भुत व वैज्ञानिक कल्पनारम्य कथांना नियमित व्यासपीठ दिले.

अद्भुत मालेचे खरे कर्तृत्व नारायण धारप (१९२५–२००८) यांचे होय. ‘गोग्रामचा चितार’, ‘नेनचिम’ यांसारख्या वैज्ञानिक कल्पनारम्य कृती त्यांनी लिहिल्या, तथापि त्यांची कीर्ती मुख्यतः भयकथांवर आणि विशेषतः ‘समर्थ’ या नायकाच्या मालेवर अधिष्ठित आहे. अनिष्ट शक्तीच्या कचाट्यात सापडलेल्या सामान्य माणसांच्या साहाय्यास येणारा, आध्यात्मिक सामर्थ्य बाळगणारा हा पुरुष आपल्या नावानेच संतपरंपरेशी नाते सांगतो. धारपांचे वैशिष्ट्य असे, की त्यांचे अनिष्ट दूरच्या किल्ल्यात किंवा स्मशानात राहत नाही. ते मध्यमवर्गीय घरात शिरते. ‘चंद्रविलास’, ‘४४० चंदनवाडी’ ही त्यांच्या कादंबऱ्यांची नावे पाहिली तरी ही गोष्ट ध्यानात येते : ती पत्त्याची नावे आहेत. वाड्याची, बंगल्याची, जिन्याखालच्या खोलीची ओळख आधी पक्की करावयाची आणि मग त्या ओळखीला तडा जाऊ द्यावयाचा, ही त्यांची रीत आहे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथा भाषा व मनोविश्लेषण या दृष्टींनी अधिक सूक्ष्म आहेत. परंतु त्या प्रायः सुट्या कथा आहेत आणि त्यांची चर्चा कथेगणिक होते. धारपांची चर्चा विश्वागणिक होते.

भाषांतरित मालांनी या वाचकवर्गात नव्या पिढीची भर घातली. जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर या सात भागांच्या मालेचे (१९९७–२००७) मराठी रूपांतर भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने प्रसिद्ध केले. पहिल्या भागाच्या शीर्षकात मूळच्या ‘तत्त्वज्ञाच्या दगडा’स ‘परीस’ हा शब्द योजिला आहे. लोखंडाचे सोने करणारा परीस संतवाङ्‌मयातून मराठी वाचकाच्या परिचयाचा असल्याने परक्या विश्वाचा दरवाजा त्या एका शब्दाने उघडला, असे म्हणता येईल.

चर्चेच्या कसोट्या : निष्ठावंत वाचकांची चर्चा वरवर पाहता केवळ आवडीनिवडीची वाटते. बारकाईने पाहिल्यास तीत काही निश्चित कसोट्या आढळतात. पहिली कसोटी नियमपालनाची. अद्भुत विश्वात काहीही घडू शकते हा गैरसमज आहे. तेथे एवढेच घडू शकते, जेवढ्यास त्या विश्वाच्या नियमांनी मोकळीक दिली आहे. हॅरी पॉटरमालेतील तिसरा भाग ‘अझकाबानचा कैदी’ हा अनेक वाचकांना सर्व भागांत सरस वाटतो. त्याची मांडणी बंदिस्त आहे; आधी पाहिलेले प्रसंग काळ मागे फिरवल्यावर दुसऱ्या बाजूने पुन्हा दिसतात आणि प्रत्येक धागा जुळतो. परंतु त्याच भागाने मालेपुढे पेच निर्माण केला. काळ मागे फिरविण्याचे साधन एका विद्यार्थिनीला केवळ अधिक तासांना हजर राहता यावे म्हणून मिळत असेल, तर पुढे घडणारे मृत्यू त्याच साधनाने का टाळता येत नाहीत? हा प्रश्न जगभरच्या वाचकांनी विचारला. पाचव्या भागात (२००३) मंत्रालयातील झटापटीत ही साधने फुटून नष्ट झाल्याचे दाखवून लेखिकेने तो दरवाजा बंद केला. येथे वाचकांचा प्रश्न आणि लेखनातील दुरुस्ती यांत थेट कार्यकारणसंबंध असो वा नसो, प्रश्न बिनतोड होता आणि दुरुस्ती आवश्यक होती, एवढे निश्चित.

हीच कसोटी परवानाप्राप्त अद्भुतास लावून पाहण्याजोगी आहे. महाभारतातील ययाती पुत्राचे तारुण्य हजार वर्षे उपभोगतो आणि मग उपभोगाने वासना शमत नाही, हे त्याच्या ध्यानी येते. म्हणजे चमत्काराची पुरती किंमत कथा वसूल करते. खांडेकरांनी तो काळ अत्यल्प केला. त्यामुळे ययातीचा पश्चात्ताप अधिक उत्कट, अधिक आधुनिक झाला; परंतु पूरूने दिलेल्या वस्तूचा उपभोग जवळजवळ घडतच नाही आणि मूळ कथेतील अनुभवसिद्ध विरक्तीची जागा तत्काल जागृतीने घेतली जाते. तारुण्याच्या देवघेवीचा नियम काय, ती कोणत्या अटीवर होते आणि कोणत्या अटीवर फिरते, असे एखाद्या मालेच्या वाचकाने विचारले, तर तो बालिश प्रश्न ठरत नाही. त्या प्रश्नातून कादंबरीच्या रचनेतील मर्माचा ठाव लागतो. कामप्रेरणेच्या अंगाने झालेल्या विपुल समीक्षेतून तो सहसा लागत नाही.

दुसरी कसोटी सामर्थ्याच्या मर्यादेची. नायक सर्वशक्तिमान असेल तर भय उरत नाही. समर्थमालेविषयी वाचकांत जे मुख्य मतभेद होतात, ते याच मुद्द्यावर. समर्थ आले म्हणजे निवारण होणार, हे ठाऊक असल्याने उत्कंठा ओसरते, असे एक पक्ष म्हणतो आणि समर्थांविना रचलेल्या, सामान्य माणसांनाच अनिष्टाशी झुंजावे लागते अशा धारपांच्या कादंबऱ्या श्रेष्ठ मानतो. दुसऱ्या पक्षाच्या मते निवारणाची खात्री हेच मालेचे सुख आहे. कीर्तनात आख्यानाचा शेवट ठाऊक असूनही श्रोता बसून राहतो, तसे हे वाचन आहे. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. धारपांनी या पेचातून एक मार्ग काढला : ते समर्थांना बहुधा उशिरा आणतात आणि तोवर कथेचा भार पीडित कुटुंबावर ठेवतात. मालेतील ज्या कथांत हा विलंब साधला आहे त्या टिकतात. जेथे समर्थ आरंभापासून सर्व काही जाणून असतात तेथे कथा केवळ प्रभावप्रदर्शन होते.

तिसरी कसोटी सातत्याची. पात्राचे वय, नाते, घराची दिशा, पूर्वी घेतलेली शपथ, यांत विसंगती आढळली की वाचक ती हेरतात आणि शक्य तोवर तिचे समर्थनही शोधतात. आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सचा अंत घडवून आणला, तेव्हा झालेला वाचकांचा क्षोभ आणि १९०३ मध्ये झालेले त्याचे पुनरागमन सर्वश्रुत आहे. रॉनल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये होम्सकथांतील विसंगतींचा विचार धर्मग्रंथांच्या चिकित्सेच्या पद्धतीने, अर्धवट थट्टेने केला आणि तेव्हापासून ही एक विद्याशाखाच झाली. मराठी वाचकास ही पद्धत नवी नव्हे. महाभारतातील कालगणना व नातेसंबंध यांतील विसंगती जुळवून दाखविणे हा टीकाकारांचा जुना उद्योग आहे. मालेचा चाहता तोच उद्योग लौकिक ग्रंथाबाबत करतो.

मर्यादा : या चर्चेचे दोषही दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. तिचे लक्ष कथानकाच्या सांध्यांकडे असते, गद्याकडे नसते. धारपांच्या उत्तम परिच्छेदांतील संथ, घरगुती वर्णनशैली आणि घाईने लिहिलेल्या पुस्तकांतील ठोकळेबाज वाक्ये यांतील फरक वाचकांना जाणवतो, पण तो त्यांच्या बोलण्यात क्वचितच येतो. दुसरा दोष पुनरावृत्तीच्या मागणीचा. जे आवडले ते पुन्हा मिळावे, या आग्रहाने लेखक आपल्याच नायकाचा बंदी होतो. तिसरा दोष विचारसरणीविषयीच्या उदासीनतेचा. अनिष्टाचे बळी म्हणून स्त्रिया व मुले वारंवार का निवडली जातात, निवारण करणारा पुरुष नेहमी अधिकारी गुरूच का असतो, पीडिताने शरण जाणे हाच एक मार्ग का उरतो, हे प्रश्न निष्ठावंत वाचक बहुधा विचारीत नाही. ते विचारण्यासाठी मालेच्या बाहेर उभे राहावे लागते आणि तेथे समीक्षकाचे काम सुरू होते.

चौथा मुद्दा उसनवारीचा. धारपांची ‘लुचाई’ ही स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीवर आधारलेली आहे. अन्य काही कथांतही परकीय कथाबीजे ओळखू येतात. याविषयी वाचकांत दोन टोकांच्या भूमिका आढळतात : मूळ ठाऊक झाल्यावर सर्वच नाकारणे, किंवा मुळाचा उल्लेखच अप्रिय मानणे. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. ऋणनिर्देश न होणे हा दोष आहे आणि तो दोष म्हणूनच नोंदविला पाहिजे. परंतु बीज परके असले तरी ते ज्या मातीत वाढले ती माती तपासावी लागते. हरिभाऊंच्या बाबतीत समीक्षेने दाखविलेला हा विवेक धारपांच्या बाबतीत दाखविला नाही. ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने हा प्रश्न पुन्हा पुढे आला. त्याची प्रेरणा धारपांच्या कथेतून आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून आले. तरी पाऊस, वाडा, लोभ आणि आजी यांचे जे मिश्रण पडद्यावर दिसले ते कोकणातलेच वाटले. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा त्यास पहिल्या वेळेहून मोठा प्रतिसाद मिळाला. दरम्यानच्या सहा वर्षांत त्याच्याविषयी बोलत राहिलेल्या चाहत्यांचा यात मोठा वाटा होता.

जतनाचा प्रश्न : वाचकचर्चेचे सर्वांत मोठे कार्य जतनाचे आहे. लोकप्रिय माला स्वस्त कागदावर, तात्पुरत्या बांधणीत निघतात. वाचनालयात त्यांचीच झीज सर्वाधिक होते आणि जीर्ण पुस्तके निकालात काढताना त्यांचाच क्रम पहिला लागतो. जे पुस्तक सर्वाधिक वाचले गेले तेच सर्वप्रथम नाहीसे होते, असा हा विपरीत न्याय आहे. समीक्षेने न घेतलेल्या पुस्तकाची सूची होत नाही. सूची नसलेल्या पुस्तकाचा शोध कोणी घेत नाही. अशा स्थितीत कोणत्या मालेचे किती भाग होते, कोणता आधी व कोणता नंतर, कोणती कथा पुढे नाव बदलून छापली गेली, ही माहिती केवळ वाचकांच्या स्मरणात व खाजगी संग्रहांत राहते. धारपांची पुस्तके दीर्घकाळ दुर्मिळ झाली होती. औरंगाबादच्या (छत्रपती संभाजीनगर) साकेत प्रकाशनाने त्यांची पुनर्मुद्रणे काढली. जुन्या वाचकांनी ती नावे जिवंत ठेवली नसती, तर अशा पुनर्मुद्रणास मागणी राहिली नसती. राजारामपुरीत राहून गेलेल्या खांडेकरांच्या वस्तू व लेखनसामग्री शिवाजी विद्यापीठातील स्मृतिसंग्रहालयात जतन झाली आहे. ती तशी व्हावयासच हवी होती. परवान्याविना लिहिणाऱ्या लेखकांच्या वाट्यास असे संग्रहालय बहुधा येत नाही. त्यांचा संग्रह म्हणजे त्यांचे वाचक.

मूल्यमापन : निष्ठावंत वाचकांची चर्चा ही समीक्षेची जागा घेऊ शकत नाही. तीत अलिप्तता नाही, भाषेची चिकित्सा अल्प आहे आणि आवडत्या लेखकाविषयीचा पक्षपात उघड आहे. परंतु अद्भुत वाङ्‌मयापुरता तिचा एक निकष समीक्षेच्या रूढ निकषाहून अधिक उपयुक्त ठरतो. रूढ समीक्षा विचारते : हा चमत्कार कोठून आला, त्यास पुराणाचा वा विज्ञानाचा आधार आहे काय? वाचक विचारतो : हा चमत्कार आपल्याच नियमास जागला काय आणि त्याची किंमत कोणी मोजली? पहिल्या प्रश्नाने कृतीचे कूळ कळते, दुसऱ्याने तिचे शील. दुसरा प्रश्न एकदा मान्य केला, की पौराणिक कादंबरी, विज्ञानकथा आणि भयमाला यांची पारख एकाच मापाने करता येते. धारपांच्या काही कथा त्या मापात उतरतात, काही उतरत नाहीत आणि मान्यता पावलेल्या काही कृतींचीही पुनर्परीक्षा करावी लागते. मराठे यांच्या निबंधापासून चालत आलेला संभाव्यतेचा निकष यामुळे बाद होत नाही. त्याचा अर्थ मात्र बदलतो : संभाव्यता बाहेरच्या जगाशी नव्हे, तर कृतीने स्वतः मांडलेल्या जगाशी ताडून पाहावयाची असते. वाचनालयाच्या खिडकीशी उभे राहून पुढच्या भागाची चौकशी करणाऱ्या वाचकास ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती.